फौजेतला पाद्री आणि मिहानची मंडळी

भारतीय लष्करात पाद्री हा जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर असतो. पंडित, ग्रंथी, मौलवी आणि बौद्ध भिक्खू यांच्याच रांगेतला तो धर्मशिक्षक. भरती नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर. अंत्यविधीला हजर राहणं, इस्पितळातल्या आजाऱ्यांना भेटणं, शिक्षा भोगणाऱ्या जवानाची विचारपूस करणं, मुलांना धर्मशिक्षण देणं अशी त्याची कामं भरतीच्या जाहिरातीतच नमूद असतात. सभासद वाढवणं आणि वर्गणी जमवणं त्यात नाही. पात्रतेची अट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे: उमेदवार दीक्षित असावा आणि स्थानिक बिशपांच्या मान्य यादीत त्याचं नाव असावं. म्हणजे फौजेत जातानाही तो चर्चचाच माणूस असतो, आणि वर्दी उतरल्यावर त्याला कुठे नेमायचं याचा विचारही चर्चनेच करायला हवा. माझ्या मते नागपुरात त्याची जागा सदरच्या किंवा कामठीच्या जुन्या मंडळीत नाही, विमानतळालगतच्या मिहान या नव्या औद्योगिक वसाहतीत आहे.

कारण मिहानची वस्ती छावणीसारखीच बदलीवर आलेली आहे. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगावच्या जमिनींवर आयटी कंपन्या, विमानदुरुस्तीचा कारखाना आणि एम्स उभं राहिलं. इथे येणाऱ्याचं गाव दुसरीकडे, मंडळीच्या वहीत नाव तिसरीकडे. रविवारी सकाळी नऊच्या उपासनेला घंटा वाजते तेव्हा परिचारिका वॉर्डात असते, रात्रपाळी केलेला इंजिनिअर झोपलेला असतो आणि गडचिरोलीहून रुग्णाला घेऊन आलेला बाप एम्सच्या व्हरांड्यात चादर अंथरून बसलेला असतो. आजोबापणजोबांपासूनची कुटुंबं सांभाळणाऱ्या पाळकाला ही माणसं दिसतच नाहीत. फौजेतला पाद्री मात्र माणूस असेल तिथे जायला सरावलेला असतो.

यावर पहिला आक्षेप शिस्तीचा. पलटणीत धर्मस्थळावरची परेड हुकमाने भरते; मंडळीत हुकूम चालत नाही, निवडून आलेली पास्टोरेट कमिटी तोंडावर नाही म्हणते. आक्षेप खरा आहे. म्हणून निवृत्त पाद्र्याने पहिलं वर्ष स्थानिक पाळकाच्या हाताखाली काढावं आणि कमिटीत मताविना बसावं. दुसरा आक्षेप असा की, छावणीत सगळे पंथ एकत्र चालतात, मंडळीत बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी यावरही वाद होतो. पण 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं ते याच नागपुरात, आणि त्या चर्चने बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य केल्या. नागपूरकरांना हे नवं नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: पेन्शनवाला माणूस कमी मानधनात आला तर तरुण पाळकांनी जायचं कुठे? म्हणूनच त्याला भरलेल्या मंडळीची जागा देऊ नये, जिथे मंडळीच नाही तिथे पाठवावं. पेन्शनचा दुसराही धोका आहे. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलची इमारत 1851 ची. त्या काळचे चॅपलन सरकारी पगारी होते, आणि पगार वरून आला की मंडळीला जाब विचारायची सवय लागत नाही. तेव्हा मिहानच्या लोकांनी, रक्कम कितीही लहान असो, मानधनाचा वाटा स्वतः उचलावा, आणि तीन वर्षांनी पाद्री ठेवायचा की नाही हेही त्यांनीच ठरवावं. असा ठराव धर्मप्रांताने केला, तर फौजेतला अनुभव वाया जाणार नाही आणि हुद्द्याचा तोराही मंडळीत शिरणार नाही.