सूक्ष्मदर्शक : पाहण्याचे साधन की मोजण्याचे?

आपल्या हैदराबाद-सिकंदराबाद या जुळ्या शहरांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले ते २० ऑगस्ट १८९७ या दिवसामुळे. त्या दिवशी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचा परोपजीवी दिसला. हुसेन खान या रुग्णाच्या रक्तावर पोसलेले डास, ते उडून जाऊ नयेत म्हणून बंद ठेवलेला पंखा, घामाने गंजलेले सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू हे तपशील आपण व्याख्यानांतून अनेकदा ऐकले आहेत. मात्र एक तपशील सहसा वगळला जातो आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. रॉस यांनी त्या पेशी पाहून सोडून दिल्या नाहीत, त्यांचे मापही टिपले. जवळजवळ पूर्ण वर्तुळाकार, आत काळे रंगकण आणि व्यास सुमारे १२ मायक्रॉन, अशी ती नोंद आहे. दुसऱ्या दिवशी उरलेल्या डासात तशाच पेशी सापडल्या, पण आकारमानाने मोठ्या. याचा अर्थ त्या डासाच्या शरीरात वाढत होत्या. मोजमापाची जोड नसती, तर पहिल्या दिवसाचे ते दर्शन एक कुतूहल म्हणूनच राहिले असते, असे मला वाटते.

गेली अनेक वर्षे विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करताना माझे असे स्पष्ट मत झाले आहे की, सूक्ष्मदर्शक हे मोजण्याचे साधन आहे याचा आपल्याला हळूहळू विसर पडतो आहे. विद्यार्थ्याला काचपट्टीवर काय दिसते असे विचारले, तर तो रंग सांगतो, आकार सांगतो. आकारमान विचारले की ‘लहान’ किंवा ‘मोठे’ एवढेच उत्तर मिळते. कशापेक्षा लहान, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

परीक्षेपुरती उपकरणाची जातकुळी सर्वांना पाठ असते. साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक, न रंगवलेल्या जिवंत पेशींसाठी फेज कॉन्ट्रास्ट, क्षयाचे जंतू शोधण्यास सोयीचा प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक आणि पेशीच्या अंतरंगासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. भागांची नावेही पाठ असतात. परंतु त्या भागांचे कार्य? प्रकाश जास्त वाटला की संघनक खाली ओढण्याची सवय अनेक प्रयोगशाळांत दिसते. त्याने प्रकाश कमी होतो खरा, पण दोन जवळचे बिंदू वेगळे दाखवण्याची भिंगाची क्षमताही घटते. रंगवलेल्या काचपट्टीसाठी दिवा मंद करावा, संघनक वरच ठेवावा. एर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८७३ मध्येच दाखवून दिले की, ही क्षमता प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि भिंगाच्या छिद्रांकावर अवलंबून असते. साध्या प्रकाशात तिची मर्यादा ०.२ मायक्रॉनच्या आसपास येते. त्यापुढे चित्र कितीही मोठे केले तरी नवे काही दिसत नाही.

मोजण्याची रीत अवघड नाही. नेत्रिकेत रेघा आखलेली काचेची गोल चकती बसवायची आणि मंचावर मायक्रोमीटरची काचपट्टी ठेवायची. या पट्टीवर एक मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे प्रत्येक भाग १० मायक्रॉनचा. समजा, ४० पटीच्या वस्तुभिंगाखाली नेत्रिकेचे ४० भाग मंचावरील १० भागांशी, म्हणजे १०० मायक्रॉनशी जुळले. मग नेत्रिकेचा एक भाग २.५ मायक्रॉनचा झाला. वस्तुभिंग बदलले की हा हिशेब पुन्हा करावा लागतो. त्याच यंत्रावर १०० पटीच्या तैलभिंगाखाली एक भाग साधारण एका मायक्रॉनचा होईल.

याने रुग्णाचे काय भले होते, असे कोणी विचारील. शौचतपासणीचे उदाहरण घ्या. चार केंद्रकांची पुटी दिसली की ‘एन्टामीबा हिस्टोलिटिका’ लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. पण निरुपद्रवी ‘एन्टामीबा हार्टमनी’ची पुटीही तशीच दिसते. दोहोंतील व्यवहार्य फरक मापाचा आहे : हार्टमनीची पुटी १० मायक्रॉनहून लहान, हिस्टोलिटिकाची सामान्यतः १० ते २० मायक्रॉन. वरच्या हिशेबात ४० पटीखाली पाच भाग म्हणजे १२.५ मायक्रॉन आणि तीन भाग म्हणजे ७.५. या दोन भागांच्या फरकावर एखाद्याला विनाकारण मेट्रोनिडॅझोल मिळेल की नाही, हे ठरू शकते. मापालाही मर्यादा आहेत. ‘एन्टामीबा डिस्पार’ मापानेही हिस्टोलिटिकापासून ओळखता येत नाही, तिथे प्रतिजन किंवा रेण्वीय चाचणीच हवी. पण कुठे मोजून भागते आणि कुठे नाही, हे ज्याने मोजले आहे त्यालाच उमगते.

आता पेशी यंत्र मोजते, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप मी नेहमी ऐकतो. यंत्राचा मी विरोधक नाही. तथापि ‘एम.सी.व्ही.’ ही सरासरी आहे. लोह आणि बी-१२ या दोहोंची कमतरता एकत्र असेल, तर लहान व मोठ्या पेशी मिळून सरासरी सामान्य येऊ शकते. पेशींच्या आकारमानातील विषमतेचा आकडा इशारा देतो, पण खुलासा रक्तपट्टिकाच करते. तांबडी पेशी साधारण ७ ते ७.५ मायक्रॉनची. ही आपल्याला निसर्गाने फुकट दिलेली मोजपट्टी आहे. व्हायव्हॅक्स हिवतापात बाधित पेशी शेजारणीपेक्षा फुगलेली दिसते, फाल्सिपेरममध्ये तशी फुगत नाही. हेही एक मोजमापच.

दुसरी बाब मोबाईलवरून येणाऱ्या छायाचित्रांची. ‘४०० पट’ असे लिहून चित्रे मत विचारण्यासाठी पाठवली जातात. पडद्यावर चित्र लहानमोठे होताच त्या आकड्याला अर्थ उरत नाही. चित्रातच १० मायक्रॉनची रेघ असेल, तर चित्राबरोबर तीही लहानमोठी होते आणि प्रमाण कायम राहते. अशी रेघ नसलेल्या चित्रावर आपण मत देऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

आपल्या मंडळाला माझी एक सूचना आहे. मंचावरची मायक्रोमीटर पट्टी प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही, कारण ती केवळ अंशांकनाच्या दिवशी लागते. मंडळाने एक पट्टी घ्यावी आणि सभासदांच्या प्रयोगशाळांत ती आळीपाळीने फिरवावी. प्रत्येक यंत्राचा हिशेब कागदावर लिहून यंत्राशेजारी चिकटवावा. आणि २० ऑगस्टला, जागतिक डास दिनी, भाषणांच्या जोडीला आपल्या समाजातील शाळकरी मुलांना बोलावून कांद्याच्या पापुद्र्यातील एक पेशी त्यांच्याच हातांनी मोजायला लावावी.