दुहेरीला दुय्यम लेखू नका!

एकेरीचा सामना संपला की आपली मंडळी डबे-बाटल्या आवरून उठतात. दुहेरी म्हणजे जणू जेवणानंतरची बडीशेप!

संयोजकांचीही समजूत हीच. २००६ पासून एटीपी स्पर्धांच्या दुहेरीत तिसरा सेटच नाही. त्याऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. ड्यूस झाला की पुढच्या एकाच गुणावर गेमचा निकाल. २०२३ मध्ये विम्बल्डननेही पुरुष दुहेरी पाच सेटांवरून तीनवर आणली. वेळापत्रक सोपे होते, हे मान्य. मग तेथे पुरुष एकेरीचे पाच सेट कसे चालतात? कात्री फक्त दुहेरीलाच का?

२०२२ मध्ये पुण्याला बालेवाडीत बोपण्णा-रामकुमार जोडी जिंकली, ती अशाच टायब्रेकवर, १०-६. आपण आनंदलो, पण शेवटचा सेट कुठे गेला, हे किती जणांनी विचारले?

पेस, भूपती, सानिया, बोपण्णा... वरिष्ठ गटात भारताला मिळालेली सारी ग्रँड स्लॅम विजेतेपदे दुहेरीतली किंवा मिश्र दुहेरीतली आहेत. आपल्या अभिमानाचा खेळ आपणच अर्ध्यावर सोडून जायचा आणि कात्री चालवणाऱ्यांना दोष द्यायचा, हे बरे नव्हे. रिकाम्या खुर्च्या हाच त्यांचा पुरावा असतो. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी मुलांना घेऊन शेवटच्या गुणापर्यंत बसा!