जुगाऱ्याला जिंकवणारा सिनेमा

रूपर्ट वायटच्या 2014च्या 'द गॅम्बलर'चा विषय निघाला की लोक एक ठरलेलं वाक्य टाकतात : 'अभिनय जबरदस्त, पटकथा जरा ढिली.' पटकथा नुसती ढिली असती तर मी गप्प बसलो असतो. ती खोटं बोलते, ही माझी तक्रार आहे.

अभिनयाबद्दल वाद नाही. मार्क वॉलबर्गचा जिम बेनेट हा साहित्याचा प्राध्यापक स्वतःलाच इतका कंटाळलेला आहे की तो पैसे लावत नाही, फेकून देतो. त्याच्या आईच्या कामात जेसिका लँग थोडाच वेळ दिसते, पण लक्षात राहते. आणि उघड्या अंगाने वाफेत बसलेला जॉन गुडमनचा सावकार! पैसा हातात आला की आधी घर घे, उरलेला बँकेत टाक, म्हणजे कुणापुढे वाकावं लागणार नाही, हा त्याचा उपदेश आपल्याकडच्या एखाद्या काकांनाही शोभेल.

मग शेवट येतो. सावकार जिवावर उठलेले असताना जिम सगळी रक्कम रुलेटमध्ये काळ्यावर लावतो, जिंकतो, देणी फेडतो आणि धावत मैत्रिणीकडे जातो.

मी इंजिनिअर, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकी रुलेटच्या चाकावर 38 घरं असतात : 18 काळी, 18 लाल, 2 हिरवी. काळं येण्याची शक्यता 47.4 टक्के. एकदा कुणीही जिंकू शकतो. पण या माणसाचा आजारच 'आणखी एकदा' हा आहे, आणि खेळत राहिलं की लावलेल्या दर 100 डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर कॅसिनोच्या खिशात जातात. सिनेमा नेमका जिंकलेल्या डावावर थांबतो आणि आजारालाच औषध ठरवतो.

कुणी म्हणेल, जिमला जिंकायचं नव्हतंच, शून्यावर यायचं होतं. मान्य. पण ते शून्यही त्याला चाकाच्या कृपेनेच मिळतं ना?

कारेल राइझच्या 1974च्या मूळ सिनेमात ही पळवाट नाही. तिथे जेम्स कानचा प्राध्यापक आपल्याच विद्यार्थ्याला बास्केटबॉलच्या सामन्यात फिक्सिंग करायला लावून कर्जातून सुटतो. सुटल्यावरही धोका शोधत हार्लेममध्ये जातो आणि चेहऱ्यावर सुरीचा वार घेऊन परततो. देणं फिटलं, आजार तसाच. नव्या सिनेमातही विद्यार्थी फिक्सिंगमध्ये ओढला जातो, पण त्याचा हिशेब कुणी मागत नाही.

'सिनेमाच तर आहे' म्हणून हे सोडून देता येत नाही. 2025मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तोवर माझ्या वयाच्या पोरांचे फोन रमीच्या जाहिरातींनी भरलेले असायचे. त्यांतही जिंकलेलाच माणूस हसत असायचा. पुढच्या डावात त्याचं काय झालं, हे जाहिरात सांगणार नाही. ते सांगणं सिनेमाचं काम होतं.