न बोलावलेला पंच

१ ऑगस्ट १९१७ ही तारीख घातलेले एक पत्र पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी महायुद्धात उतरलेल्या राष्ट्रांच्या प्रमुखांना पाठवले. बेल्जियम मोकळा करा, समुद्र सर्वांना खुले ठेवा, शस्त्रे कमी करा, तंटे लवादापुढे न्या आणि ही निरर्थक कत्तल थांबवा, असा त्याचा मथितार्थ होता. फ्रान्समध्ये क्लेमांसोंनी त्यांना जर्मनांचा पोप ठरवले. जर्मन सेनानी लुडेनडॉर्फ यांना ते फ्रेंचांचे पोप वाटले. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी महिन्याच्या आत नकार कळवला आणि पुढच्या जानेवारीत स्वतःचे चौदा मुद्दे जगापुढे मांडले. त्यांतले कितीतरी पोपच्या पत्रात आधीच येऊन गेले होते. इटलीने तर पत्राची वाटही पाहिली नव्हती. १९१५ मध्ये लंडनला झालेल्या गुप्त करारात तिने पंधरावे कलम घालून घेतले होते : युद्धानंतरच्या तहाच्या वाटाघाटींत पोपला बसू द्यायचे नाही.

पोपच्या बोलण्याने काय होते, असे विचारणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न या कलमाविषयी आहे. ज्याच्या शब्दाला कोणी भीक घालत नाही, त्याला दाराबाहेर ठेवायला गुप्त कलम कशाला लागते?

आक्षेप तसे जुनेच आहेत. त्यांतला सर्वांत ठोकळ म्हणजे, धर्मगुरूने देवाचे पाहावे, राजकारणात नाक खुपसू नये. हे वाक्य कधी उच्चारले जाते ते पाहा. ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीच्या फौजा ॲबिसिनियात घुसल्या तेव्हा मिलानचे कार्डिनल शुस्टर यांनी आपल्या कॅथीड्रलमधून त्या मोहिमेचे गुणगान केले. इटलीचे सैन्य आफ्रिकेत क्रूस घेऊन जात आहे असे सांगितले. फादर, तुम्ही प्रार्थना करा, असे त्यांना फॅसिस्टांपैकी कोणी म्हटले नाही. १९६६ च्या नाताळात न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांपुढे उभे राहिले आणि हे संस्कृतीसाठी चाललेले युद्ध आहे, विजयाखेरीज दुसरे काही मान्य नाही, असे बोलले. तेव्हा वॉशिंग्टनला धर्म आणि राजकारण यांच्यामधल्या भिंतीची आठवण झाली नाही. त्याच सुमारास पोप पॉल सहावे वाटाघाटींचा धोशा लावून बसले होते. अव्यवहारी ठरले ते मात्र पोपच. तोफांवर पवित्र पाणी शिंपडणारा पाद्री कोणालाच राजकारणी वाटत नाही. तो शिंपडायला नकार देतो तेव्हाच तो राजकारणी होतो. निवडणुकीच्या तोंडावर बुवा-महाराजांच्या मठात रांग लावणारे आपले पुढारीही, एखाद्या महाराजाने धरणग्रस्तांची बाजू घेतली तर, हेच सुभाषित त्याला ऐकवतील.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. ज्यांच्या नावाने गोव्यात १५६० पासून, मधली काही वर्षे वगळता, १८१२ पर्यंत इन्क्विझिशन चालले, त्यांनी आता शांतीचे धडे द्यावेत? वसई घेताना चिमाजी अप्पांच्या सैन्याची गाठ ज्या सत्तेशी पडली, तिच्या राजाला पूर्वेकडचे बिशप नेमण्याचा हक्क पोपनेच बहाल केला होता. १०९५ मध्ये क्लेरमाँ येथे पहिल्या धर्मयुद्धाची हाक दिली ती पोप अर्बन दुसरे यांनी. १४९३ मध्ये अलेक्झांडर सहावे यांनी अटलांटिक समुद्रात रेघ ओढून पलीकडची भूमी स्पेनला देऊन टाकली, जणू वडिलोपार्जित जमीन. ज्युलियस दुसरे १५११ च्या हिवाळ्यात मिरांडोलाच्या वेढ्यावर जातीने हजर होते. यातले काही झाकण्याजोगे नाही. नव्या भूमीवर हक्क सांगणाऱ्या त्या जुन्या सिद्धान्ताशी आपला संबंध नाही, असे व्हॅटिकनने जाहीर केले ते ३० मार्च २०२३ रोजी. पाचशे वर्षांहून जास्त उशीर. उशिराबद्दल ज्याला जेवढे बोलायचे असेल तेवढे त्याने बोलावे.

पण या इतिहासातून निघणारा निष्कर्ष आक्षेपकांना हवा तो नाही. त्या सगळ्या काळात पोपकडे मुलूख होता, फौज होती, कर होते, फाशी देणारा जल्लादही होता. तो राजांमधला एक राजा होता आणि राजासारखाच बोलत होता. २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने रोमच्या तटाला भगदाड पाडले आणि ते राज्य बुडाले. पोप नवव्या पायस यांना तो प्रलय वाटला. स्वतःला कैदी म्हणवून घेत त्यांनी दिवस काढले. खरे म्हणजे इटलीने त्यांच्या गादीवर मोठाच उपकार केला. १९१७ चे पत्र लिहिणाऱ्या बेनेडिक्टकडे तळहाताएवढीही सार्वभौम भूमी नव्हती. आज आपण ज्याला पोपचा नैतिक आवाज म्हणतो तो त्या बिनराज्याच्या काळात घडला. म्हणून ज्युलियसच्या चिलखताचा दाखला बेनेडिक्टविरुद्ध चालत नाही. उलट चिलखत उतरवल्यावर काय बोलता येते, याचा तो पुरावा आहे.

मग राहिला स्टालिनचा प्रश्न. १९३५ मध्ये फ्रान्सच्या लावालना त्याने विचारले म्हणतात, पोपकडे पलटणी किती? याचे उत्तर तत्त्वज्ञानाने देण्यापेक्षा नकाशावर दिलेले बरे. दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला बीगल खाडी आहे. तिच्या तोंडाशी पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा ही तीन बेटे आहेत. त्यांवरून चिली आणि अर्जेंटिना यांचे भांडण. १९७७ चा लवादाचा निवाडा चिलीच्या बाजूने गेला. अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी तो रद्दबातल ठरवला आणि २२ डिसेंबर १९७८ हा चढाईचा दिवस मुक्रर केला. आरमार निघाले होते. जॉन पॉल दुसरे यांना पोप होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांनी दोन्ही राजधान्यांना आपला दूत येत असल्याचे कळवले, आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी कार्डिनल अंतोनियो सामोरे ब्यूनस आयर्सला उतरले. ८ जानेवारी १९७९ रोजी माँटेव्हिडिओत दोन्ही बाजूंनी पोपची मध्यस्थी लेखी मागितली. पुढे सहा वर्षे चिवट वाटाघाटी चालल्या. सामोरे १९८३ मध्ये वारले. तह झाला तो २९ नोव्हेंबर १९८४ रोजी, व्हॅटिकनमध्ये. बेटे चिलीला मिळाली, समुद्राची वाटणी अर्जेंटिनाला सोसवेल अशी झाली.

ही गोष्ट सांगताना भक्तमंडळी दोन तपशील गाळतात. त्या डिसेंबरात समुद्रात वादळ होते आणि अर्जेंटिनाचे आरमार त्यात अडखळले. आणि १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात लष्करशहांची नाचक्की झाली नसती, त्यांच्या जागी आल्फोन्सिन यांचे लोकनियुक्त सरकार आले नसते, तर तह कदाचित लांबला असता. मान्य. पण वादळ काही दिवसांत ओसरते. ते ओसरल्यावर आरमार पुन्हा का निघाले नाही, याचे उत्तर सामोरे यांच्या विमानप्रवासांत आहे. दोन कॅथलिक देशांतल्या दोन हुकूमशहांना माघार घेण्यासाठी कोणाचे तरी नाव हवे होते. शत्रूसमोर वाकणे नामुष्की, पोपसमोर वाकणे पुण्य. पलटणींना ही सोय करून देता येत नाही.

या यशाची किंमतही सांगायला हवी. त्या वर्षांत ब्यूनस आयर्समध्ये पोपचे राजदूत होते पिओ लागी. याच शहरात माणसे रातोरात नाहीशी होत होती आणि लागी लष्करशाहीतले ॲडमिरल मासेरा यांच्याबरोबर टेनिस खेळत होते. प्लाझा द मायोमधल्या मातांनी हे कधी माफ केले नाही. लागींचे समर्थक म्हणतात, दार उघडे ठेवले म्हणून काही जीव वाचले. असतील. हेच लागी, आता कार्डिनल झालेले, ५ मार्च २००३ रोजी जॉन पॉल यांचे पत्र घेऊन जॉर्ज बुश यांच्यासमोर बसले आणि इराकवर हल्ला करू नका असे सांगून आले. पंधरवड्यात बगदादवर बॉम्ब पडू लागले.

मग ते पत्र फुकट गेले का? युद्ध थांबवणे हे एकच माप लावले तर हो. पण बुश यांच्या तोंडून एकदा 'क्रुसेड' हा शब्द निसटला होता आणि अर्ध्या जगाला ते युद्ध ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान असे दाखवायची अनेकांना घाई होती. ख्रिस्ती जगातल्या सर्वांत मोठ्या धर्मपीठाने उघड विरोध केल्यामुळे तो रंग पुरता चढला नाही, असे माझे मत आहे. युद्धानंतर देशोधडीला लागलेल्या इराकी ख्रिस्ती समाजाकडे पाहिले म्हणजे म्हाताऱ्या, थरथरत्या हाताच्या पोपला वॉशिंग्टनच्या तज्ज्ञांपेक्षा पुढचे जास्त दिसत होते हेही कळते.

इथवर मी पोपचा वकील होतो. चौथ्या आक्षेपापाशी मात्र वकीलपत्र परत करावे लागते. तो असा : पोप युद्धाला वाईट म्हणतात, पण युद्ध सुरू करणाऱ्याचे नाव घेत नाहीत. १९४२ च्या नाताळच्या भाषणात पायस बारावे यांनी, काही दोष नसताना केवळ राष्ट्र किंवा वंश यामुळे मरणाच्या वाटेवर लोटलेल्या लाखो जिवांचा उल्लेख केला. लांबलचक भाषणाच्या शेवटाकडे एक वाक्य. त्यात ज्यू हा शब्द नाही, नाझी हाही नाही. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी रोममधून, पोपच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावरून, हजारांवर ज्यू धरून आउशवित्झला नेले, सोळा परतले. पायस यांच्या बाजूचा पुरावाही हलका नाही. जुलै १९४२ मध्ये डच बिशपांनी जाहीर निषेध केला आणि नाझींनी सूड म्हणून कॅथलिक झालेल्या ज्यूंनाही उचलले. त्यांत एडिथ स्टाइन होत्या. रोमच्या मठांत हजारो ज्यू लपवले गेले, तेही खरे. तरीही हा बचाव मला पुरत नाही. मे १९४० मध्ये जर्मनीने बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग तुडवले तेव्हा याच पोपने तिन्ही राज्यकर्त्यांना सहानुभूतीच्या तारा पाठवल्या होत्या आणि मुसोलिनीचा राग ओढवून घेतला होता. बोलता येत होते.

या गुंत्यातून वाट व्हॅटिकनच्याच कागदात आहे. १९२९ च्या लॅटरन कराराचे २४ वे कलम म्हणते, की राष्ट्रांच्या ऐहिक भांडणांपासून धर्मपीठ अलिप्त राहील, दोन्ही पक्षांनी मिळून त्याला साकडे घातले तर गोष्ट वेगळी. आणि काहीही झाले तरी आपली नैतिक सत्ता वापरण्याचा हक्क ते राखून ठेवते. म्हणजे कामे दोन आहेत. एक पंचाचे, तेही दोघांनी बोलावले तरच. दुसरे साक्षीदाराचे, त्याला बोलावणे लागत नाही. बांधाच्या तंट्यात पंच म्हणून बसलेला माणूस दोघांचे ऐकून होईतो तोंड मिटून बसतो आणि ते शोभते. पण कोयत्याचा वार डोळ्यांनी पाहिलेल्या शेजाऱ्याने, मला कोणी पंच नेमले तर पंचाईत नको, म्हणून गप्प राहावे?

बीगलमध्ये बोलावणे होते. तिथला संयम कमावलेला होता. पायस यांना हिटलरने पंच म्हणून कधीच बोलावले नव्हते. युक्रेनच्या बाबतीत फ्रान्सिस यांचीही चूक हीच. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी ते स्वतः उठून रोममधल्या रशियन वकिलातीत गेले, हे मोठेपण. कार्डिनल झुप्पी यांना कीव्ह, मॉस्को, वॉशिंग्टन, बीजिंग असे फिरवून पळवलेली मुले आणि युद्धकैदी यांचा प्रश्न त्यांनी धसास लावायला घेतला, हे काम. पण मॉस्कोचे दार उघडे राहावे म्हणून ते आक्रमकाबद्दल अडखळत बोलत राहिले आणि मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत पांढरे निशाण दाखवण्याच्या धैर्याची भाषा करून बसले. कीव्हने पोपच्या राजदूताला बोलावून नाराजी ऐकवली. ते दार मात्र उघडलेच नाही. गाझाच्या बाबतीत पंचाचा मोह नव्हता. तिथल्या एकुलत्या कॅथलिक पॅरिशला ते जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करत आणि मुलांवर बॉम्ब पडले तेव्हा हे युद्ध नव्हे, क्रौर्य आहे, असे म्हणाले. इस्रायलने त्यांना दुटप्पी म्हटले. साक्षीदाराला तेवढे ऐकून घ्यावेच लागते.

साक्ष फक्त लढाई पेटल्यावर द्यायची असते असेही नाही. डिसेंबर १९६४ मध्ये पॉल सहावे मुंबईला आले. ओव्हल मैदानावरची गर्दी आणि त्यांनी मदर तेरेसांना दिलेली मोटार लोकांच्या लक्षात आहे. त्यांचे मागणे विसरले गेले. शस्त्रांवरच्या खर्चातला वाटा काढून गरीब देशांसाठी जागतिक निधी उभारा, असे त्यांनी याच शहरातून सर्व राष्ट्रांना सांगितले. चीनने पहिला अणुस्फोट करून दोन महिनेही झाले नव्हते, आपल्याकडे बॉम्ब करावा की नाही याची चर्चा भरात होती. असा निधी काही उभा राहिला नाही. त्यांनी १९६७ च्या परिपत्रात मुंबईचा उल्लेख करून तीच मागणी पुन्हा केली. अण्वस्त्रबंदीचा करार २० सप्टेंबर २०१७ रोजी सह्यांसाठी खुला झाला तेव्हा पहिल्याच दिवशी सही करून मान्यताही देऊन टाकणाऱ्यांत व्हॅटिकन होते. आपण अर्थातच नव्हतो.

आता गादीवर लिओ चौदावे आहेत, शिकागोत जन्मलेले, पेरूत बिशप म्हणून राबलेले. मे २०२५ मध्ये निवड झाल्यावर रशिया-युक्रेन बोलण्यांसाठी व्हॅटिकनची जागा देऊ करण्यात आली. रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव यांनी सांगितले, दोन ऑर्थोडॉक्स देशांनी कॅथलिक जागेत बसणे बरे दिसणार नाही. पंचाचे बोलावणे नाही, हे याहून स्पष्ट शब्दांत कोणी कळवत नसते. तेव्हा लिओंना सांभाळून बोलण्याचे कारण उरलेले नाही. २०२२ मध्ये चिक्लायोचे बिशप असताना पेरूतल्या एका मुलाखतीत त्यांनीच या स्वारीला साम्राज्यवादी म्हटले होते, रशियाला सत्तेसाठी मुलूख हवा आहे असेही म्हटले होते. पोप झाल्यावर त्यांची भाषा सावध झाली आहे.