लेकीला मैदानात जाऊ द्या!



वार्षिक परीक्षा आटोपल्या की वस्तीतल्या मोकळ्या जागेवर चुन्याची फक्की पडते, दोन खांब रोवले जातात आणि मध्ये जाळी बांधली जाते. पूर्वी त्या जाळीच्या दोन्ही बाजूंना फक्त मुलेच दिसायची. आता काही ठिकाणी विहाराच्या फळ्यावर ‘मुलींचा व्हॉलीबॉल संघ – नावे द्या’ अशी सूचना दिसू लागली आहे. मुली धावत जाऊन नाव देतात. पहिल्या दिवशी मैदान भरून जाते. मग एकेक मुलगी कमी होत जाते आणि महिना सरता सरता सहा जणींचा संघ उभा करणेही कठीण होऊन बसते. मुली आळशी नसतात, चेंडूला भीतही नसतात. त्यांना घरून हाक येते, “अगं, पाणी आलं, ये लवकर!”

आजच्या सदरात त्या हाकेविषयी बोलायचे आहे.

त्याच वेळी मुलालाही हाक येते का? नाही. तो क्रिकेट खेळून अंधार पडल्यावर घरी येतो, हातपाय धुतो आणि ताटावर बसतो. आपण त्याला काही म्हणत नाही. मुलगा खेळला तर तो खेळ, आणि मुलगी खेळली तर ती कामचुकार, हा न्याय आपण कुठून आणला? ज्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, त्या घरात तरी हा न्याय शोभत नाही.

दि. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित वर्गातील महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. हजारो बाया दूरदूरहून आल्या होत्या. समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असेही बजावले. मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीत आपण ते ऐकले. शाळेची फी भरतो, क्लास लावतो. पण शिक्षण म्हणजे फक्त पुस्तक नव्हे. धडधाकट शरीर, चार लोकांत निर्भयपणे उभे राहणे, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा येणे हेही शिक्षणच आहे, आणि ते मैदानात मिळते.

जागा कुणाच्या मालकीची नसते

व्हॉलीबॉल हा खेळ १८९५ साली अमेरिकेतील विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायाम शिक्षकाने काढला. आपल्यासारख्या कष्टकरी वस्तीला तो फार सोयीचा आहे. एक चेंडू, एक जाळी आणि १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद जागा एवढे झाले की खेळ सुरू. भोवती तीन मीटर मोकळी जागा सोडली म्हणजे पुरे. बायकांच्या खेळात जाळी २.२४ मीटर उंच असते. लहान मुलींसाठी ती खाली बांधतात. एका बाजूला सहा जणी. चेंडू पलीकडे पाठवण्याआधी संघाला तो तीनदा खेळता येतो, मात्र एकाच मुलीला लागोपाठ दोनदा मारता येत नाही. म्हणजे एकटीने चेंडू घेऊन पळण्याची सोयच नाही. एकीने उचलायचा, दुसरीने वर चढवायचा, तिसरीने मारायचा.

आणखी एक नियम आहे, तो मला सर्वांत आवडतो. समोरच्या संघाकडून सर्व्हिस आपल्याकडे आली की सहाही जणींनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक जागा पुढे सरकायचे. मागची पुढे येते, पुढची मागे जाते. आज जाळीजवळ उभी राहून स्मॅश मारणारी थोड्या वेळाने मागे वाकून चेंडू उचलते. कोणतीही जागा कुणाच्या मालकीची नाही, कोणतीही हलकी नाही आणि कोणतीही थोर नाही.

जन्माने जागा ठरवणाऱ्या व्यवस्थेने पिढ्यानपिढ्या आपले काय केले ते सांगायला नको. मैदानही त्यातून सुटले नव्हते. पळवणकर बाळू हा चांभार समाजातला जबरदस्त गोलंदाज. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण त्याआधी पुण्यात खेळताना मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू चालायचा, चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून मिळायचा. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले हे खरे, पण म्हणून मैदानात त्यांना सोसावा लागलेला अपमान खोटा ठरत नाही.

आज आपली मुलगी संघात इतर समाजाच्या मुलींबरोबर खेळते, एकाच बाटलीतून पाणी पिते, एकमेकींच्या घरी जाऊन चहा घेते. ही गोष्ट साधी वाटते, पण साधी नाही. समता ही भाषणात ऐकण्यापेक्षा अशी अंगवळणी पडलेली जास्त टिकते.

गिरणीत काम करणाऱ्या मुली

“आपण कामकरी माणसं, आपल्याला हे खेळ कुठले परवडणार?” असे काही जण म्हणतात. त्यांना जपानची हकीकत सांगते.

१९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा पहिल्यांदा समावेश झाला. महिलांचे सुवर्णपदक जपानने मिळवले, शेवटच्या सामन्यात बलाढ्य सोव्हिएत संघाला सरळ ३-० असे हरवून. त्या जपानी संघातल्या बहुतेक मुली कुठल्या होत्या? ओसाकाजवळच्या कैझुका गावातील एका कापड गिरणीच्या! दिवसा गिरणीत नोकरी करायची आणि काम सुटल्यावर रात्री उशिरापर्यंत सराव करायचा. उंचीने त्या युरोपच्या खेळाडूंपेक्षा कमी होत्या. म्हणून त्यांनी जमिनीवर झेप घेऊन, चेंडू उचलून, कोलांटी घेत लगेच उभे राहण्याची नवी तऱ्हा बसवली. त्यापूर्वी १९६२ साली त्या जगज्जेत्याही झाल्या होत्या. परदेशी वर्तमानपत्रांनी त्यांना काय नाव दिले? ‘पूर्वेकडच्या चेटकिणी’! बाई जिंकू लागली की तिला चेटकीण म्हणायचे, ही रीत साऱ्या जगात सारखीच दिसते.

त्यांचे प्रशिक्षक फार कठोर होते आणि तेवढे कठोर होऊ नये असे मला वाटते. पण मुद्दा असा की त्या कुणी धनिकाच्या लेकी नव्हत्या. गिरणीचा भोंगा ऐकत वाढलेल्या लालबाग-परळ-नायगावच्या घरांना त्यांचे कष्ट वेगळे समजावून सांगायला नकोत.

कपड्यांची गोष्ट

आता मुख्य आडकाठी. “मुलगी मोठी झाली, अर्ध्या कपड्यांत खेळणार का?” भगिनींनो, १९२७ च्या डिसेंबरात महाडला काय घडले ते आठवा. जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे ते जडशीळ दागिने टाका, असे बाबासाहेबांनी बायांना सांगितले. आणि दुसऱ्याच दिवशी बाया घोळदार लुगडी नेसून आल्या! आपल्या आज्या-पणज्यांनी एका रात्रीत नेसण्याची रीत बदलली. कुणी हसेल याची त्यांनी पर्वा केली नाही. मग आपण ट्रॅकपँट आणि टी-शर्टला का बिचकावे? मुलीला जे घालून मोकळेपणाने वाकता, धावता, उडी मारता येते तो खेळाचा पोशाख. तो तिच्या सोयीने आणि संघाच्या नियमाने ठरावा, ओट्यावर बसून टकमक पाहणाऱ्यांच्या नजरेने नव्हे. नजर ज्याची वाईट आहे, घरी त्याने बसावे!

दुसरी आडकाठी मासिक पाळीची. तेरा-चौदा वर्षांची झाली की मुलगी मैदानातून घरात येते ती कायमची. १९५६ साली दीक्षाभूमीवर आपण जुन्या रूढी टाकून धम्म स्वीकारला. मग विटाळ आपल्या घरात राहिला कसा? पाळीच्या दिवसांत खेळल्याने अपाय होत नाही. पोटात फार दुखत असेल, अंगावरून फार जात असेल तर विश्रांती द्यावी आणि डॉक्टरीण बाईंना दाखवावे. एरवी स्वच्छ पॅड, पॅड बदलायला आडोशाची जागा आणि पाणी एवढी सोय हवी. मुलींचा संघ काढणाऱ्यांनी मैदानाजवळ ती आधी पाहावी.

आईबापांनी काय पाहावे?

मुलगी पाठवा म्हणताना डोळे मिटून पाठवा असे मी म्हणणार नाही. पहिले काही दिवस आई-बापांपैकी कुणीतरी मैदानावर जाऊन बसावे. प्रशिक्षक कसा बोलतो, कसा वागतो ते पाहावे. संघाबरोबर एखादी जबाबदार बाई असलीच पाहिजे, आणि परगावी सामन्याला जाताना तर नक्कीच. मुली घोळक्याने जाव्यात, घोळक्याने याव्यात. कुणाचे वागणे खटकले तर मुलीने घरी येऊन निर्धास्त सांगावे, एवढा विश्वास तिला आधी द्या. “तुझाच खेळ बंद करते,” असे म्हणालात तर ती पुन्हा काही सांगणार नाही. अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोनही आहे. दोष करणाऱ्याचा असतो, घरात कोंडायची मुलगी नव्हे.

खेळाआधी दहा-पंधरा मिनिटे अंग मोकळे करावे. बांगड्या, अंगठ्या, लोंबते कानातले काढून ठेवावेत, नखे कापावीत. बोट किंवा घोटा मुरगळला तर चोळत बसू नये. बर्फ फडक्यात गुंडाळून लावावा, विश्रांती द्यावी, सूज फार असेल तर दवाखाना गाठावा.

आणि ताटाकडे बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. महागडी पावडर नको. भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, चणे, शेंगदाणे-गूळ, जमेल तेव्हा अंडे, आणि जेवणात लिंबाची फोड. जेवणाबरोबर चहा मात्र टाळावा, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. भावाला दोन अंडी आणि बहिणीला रस्सा, हे बंद झाले पाहिजे.

मुलगी बुटकी आहे म्हणून खट्टू होऊ नका. १९९८ पासून या खेळात ‘लिबेरो’ नावाची खास बचावाची खेळाडू आली. तिला जाळीजवळ येऊन स्मॅश मारायचा नसतो, मागे राहून चेंडू उचलायचा असतो. तिथे उंचीपेक्षा चपळाई कामाला येते.

खेळाने अभ्यास बुडतो, ही भीतीही पुरती खरी नाही. वेळ ठरलेली असली की मुले उलट शिस्तीने अभ्यास करतात. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा होतात. नियमांत बसणाऱ्या खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी स्पर्धा मान्यताप्राप्त हवी आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. वस्तीतल्या सामन्याचा कागद तिथे चालत नाही. म्हणून शाळेच्या क्रीडा शिक्षकांकडे आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करावी, प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवावे. पण नोकरी मिळेल म्हणूनच खेळू द्यायचे, असे नाही. सगळ्या मुली राज्यापर्यंत जाणार नाहीत. ज्या जाणार नाहीत त्यांचाही मैदानावर तेवढाच हक्क आहे.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना विनंती

१४ एप्रिलला आपण जयंती धूमधडाक्यात करतो. करायलाच हवी. पण वर्गणीतला थोडा पैसा साऊंडच्या भिंतीतून काढून एक चांगली जाळी, तीन-चार चेंडू आणि मैदानावर दोन दिवे एवढ्यासाठी ठेवता येणार नाही का? जयंतीच्या क्रीडा स्पर्धांत मुलींसाठी फक्त रांगोळी आणि संगीत खुर्चीच का असावी? मैदान मुलांच्या क्रिकेटने दिवसभर अडवलेले असते. आठवड्यातून चार संध्याकाळी एक-दीड तास ते मुलींना द्या. मागून उरेल तेव्हा नव्हे, ठरवून द्या आणि फळ्यावर लिहा.

आता राहिले पाणी. पाणी तर भरावेच लागणार, नळ काही आपल्या सोयीने येत नाही. पण व्हॉलीबॉलचा तो नियम घरातही लावून बघा. आज हंडे तिने भरले, उद्या भावाने भरावेत, परवा बापाने. स्वयंपाक, भांडी, केर यांच्याही पाळ्या लावा. घरातली प्रत्येक जागा प्रत्येकाने घेतली की एकीचे ओझे सहा खांद्यांवर वाटले जाते. सराव रोजचा असतो. एक मुलगी आली नाही तर पाच जणी नुसत्या उभ्या राहतात. ती येईल की नाही हे तिच्या हातात फार थोडे आणि आपल्या हातात फार जास्त असते.

भगिनींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणी शाळेत असताना धावायच्या, लंगडी-खोखोत पुढे असायच्या. मग एके दिवशी तुम्हालाही घरून हाक आली. तुमच्या आईचा इलाज नव्हता. तुमचा आहे. या आठवड्यात लेक मैदानावर असताना पाणी आले, तर हंडा भावाच्या हातात द्या, आणि तिला खेळू द्या.

जयभीम!