सूचना न ऐकणाऱ्याची गोष्ट

जेसल पार्कच्या खाडीकाठी संध्याकाळी एक कर्णबधिर तरुण आम्हांस भेटतो. अंधेरीच्या एका कचेरीत तो हिशेब पाहतो. दर सोमवारी तेथे सभा भरते. साहेब फळ्याकडे तोंड करून बोलतात, त्यामुळे ओठही दिसत नाहीत. 'नंतर सांगतो' असे शेजारी खुणेने म्हणतो आणि ते 'नंतर' कधी उजाडत नाही. यंदा बढती नाकारताना शेरा आला : 'सूचना पाळत नाही.' जी सूचना दिलीच नाही, ती त्याने पाळावी कशी?

साहेब दुष्ट नाहीत. नाताळात सढळ हाताने दान करतात. येथेच आमचे भांडण आहे. आपण दयेला तयार असतो, सोयीला नसतो. 'अपंग' गेले, 'दिव्यांग' आले. सभेची रीत मात्र तीच राहिली.

वस्तुतः दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव मानला आहे. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर केले पाहिजे. २०१७ च्या नियमांनुसार वीसांहून कमी माणसे असलेल्या खाजगी आस्थापनेलाही आपण कोणत्या सोयी देणार, ते त्यात नमूद करावे लागते. भाईंदर पूर्वेला गाळे चालवणाऱ्या आपल्या बांधवांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

'एवढा खर्च कोण करणार?' ही ढाल जुनी आहे. २००९ साली मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या एका उमेदवारास सरकारी बँकेने प्रकृतीच्या कारणावरून नोकरी नाकारली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या आधारे वाजवी सोयीचे तत्त्व उचलून धरले. हा करार भारताने २००७ सालीच स्वीकारला होता. २०२१ साली विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सोय ज्याच्या त्याच्या गरजेनुसार ठरवावयाची असते. म्हणजे आधी त्यालाच विचारावयाचे! आमच्या तरुणाची गरज तरी केवढी? सभेचे मुद्दे आदल्या दिवशी कागदावर, बोलताना तोंड त्याच्याकडे, आणि महत्त्वाचा निरोप दूरध्वनीऐवजी लेखी. यात साहेबांची तिजोरी रिकामी होत असेल, तर त्यांनी हिशेब त्याच तरुणाकडून तपासून घ्यावा.

एवढ्याच मागणीचा अर्ज त्याने गेल्या महिन्यात कचेरीत दिला. त्याचे उत्तर साहेबांनी तोंडी दिले.