नाल्याकाठचा मूळ झाडोरा राखण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
अकोला.

विषय : हिवरखेड (ता. तेल्हारा) परिसरातील नाल्याकाठच्या व ई-क्लास जमिनीवरील मूळ झाडोऱ्याची नोंद व संरक्षण होणेबाबत.

महोदय,

आम्ही हिवरखेड येथील शेतकरी व नागरिक हे निवेदन सादर करीत आहोत.

आमच्या उत्तरेला सातपुडा आहे. वान व नरनाळा अभयारण्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्पात असल्याने तिथल्या साग, ऐन, धावडा, सालईला कायद्याचे संरक्षण आहे. डोंगर उतरून पूर्णेकडे जाणाऱ्या नाल्यांच्या काठाला मात्र कोणी वाली नाही. पायथ्याच्या याच गोटाड पट्ट्यात पावसाचे पाणी मुरते. पुढे पूर्णाकाठी खारपाणपट्टा लागतो. म्हणून हा काठ टिकणे आमच्या विहिरींसाठीही गरजेचे आहे.

पाण्यालगत कोहा, जांभूळ, उंबर, करंज. वरच्या कोरड्या अंगाला हिवर, पळस, बोर. पाणी थांबते तिथे पाणकणीस आणि लव्हाळा, अशी येथील मूळ रचना आहे. नाला खोलीकरणाचे यंत्र काठ खरवडत गेले की कोह्याच्या मुळ्या उघड्या पडतात आणि पुरात दरड बसते. मग मोकळ्या जागेवर बेशरम आणि विलायती बाभूळ माजते. पावसाळ्यात फिकट पिवळ्या गोंड्यांनी फुलणारा, उन्हाळ्यात शेळ्यांना शेंगा पुरवणारा हिवर तर काटेरी झुडूप समजून सर्रास तोडला जातो. खोलीकरणाला आमचा विरोध नाही. काठ वाचवून ते करता येते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

जैविक विविधता अधिनियम, 2002 च्या कलम 41 प्रमाणे स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते. या समितीने लोक जैवविविधता नोंदवहीत प्रत्येक नाल्याचा झाडोरा जागेवर जाऊन नोंदवावा. नोंद घेताना गुराखी, वैदू आणि म्हाताऱ्या बाया सोबत असाव्यात; त्यांना ओळखता येणारी गवते आमच्या तरुणांनाही ठाऊक नाहीत. खोलीकरणाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात काठावरची झाडे राखण्याची अट घालावी आणि ती मोडणाऱ्या कंत्राटदाराचे देयक रोखावे.

लागवडीत गुलमोहर, सुबाभूळ नको. कोहा, हिवर, मोह, अंजन यांची रोपे इथल्याच बियांपासून करावीत. मोहाची बी साठवून ठेवली की उगवत नाही. ती पडताच रोपवाटिकेत लावावी लागते, म्हणून मंजुरी पावसाळ्याआधी मिळायला हवी.

आपण महसूल, वन व जलसंधारण खात्यांची संयुक्त पाहणी नाल्यावरच लावावी, आम्हाला त्या वेळी बोलवावे आणि निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले नम्र,
शेतकरी व नागरिक, हिवरखेड

प्रतिलिपी : मा. उपवनसंरक्षक, अकोला, मा. तहसीलदार, तेल्हारा.